वस्तऱ्याची धार आणि चामड्याचा पट्टा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्याचे पाते मुठीत मिटते आणि ज्याची धार वापरणाऱ्यालाच राखावी लागते, अशा पारंपरिक वस्तऱ्याविषयीचे हे प्रश्न आहेत. त्यांतले बहुतेक नवख्यांचे असतात. पण वर्षानुवर्षे वस्तरा वापरणारेही काही प्रश्न विचारतात, कारण हाताला लागलेली चुकीची सवय आपल्या आपल्याला दिसत नाही. माझे मत आधीच सांगतो. चांगल्या वस्तऱ्याची धार दाढीने हळूहळू जाते, पण दाढीआधी पाते ज्यावर फिरवतात त्या चामड्याच्या पट्ट्यावरच्या एका चुकीच्या हाताने ती क्षणात जाते. म्हणून पट्ट्याचे काम दाढीच्या आधी शिकावे.

पट्ट्यावर फिरवल्याने वस्तऱ्याला धार लागते का?

धार लागते ती दगडावर. पट्ट्यावर ती टिकते. धारेची अगदी शेवटची कड अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असते, तर माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन असते. इतक्या पातळ कडेवर दाढीचे राठ खुंट आदळले की ती कुठे किंचित वळते, कुठे तिच्यावर साबणाचा आणि त्वचेचा सूक्ष्म थर बसतो, आणि ओल राहिली असेल तर तिथेच गंजाची सुरुवात होते. पट्ट्यावरून पाते गेले की हा थर पुसला जातो, वळलेली कड बरीचशी रेषेत येते आणि तिला पुन्हा तुकतुकी येते. पोलाद काढून टाकण्याचे काम साधे चामडे जवळजवळ करत नाही, आणि नेमके म्हणूनच ते रोज वापरता येते.

पट्ट्याने काय होत नाही, हेही इथेच सांगायला हवे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. दाढीच्या पात्याखाली केस कापला जाताना त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिला होता. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पटींनी मऊ असूनही, पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसेल आणि केस विशिष्ट कोनातून कडेला भिडला, तर कडेचा बारीकसा टवका उडतो, असे त्यांना आढळले. कड वळलेली असेल तर ती पट्टा सरळ करू शकतो, पण उडालेला टवका तो भरून काढू शकत नाही. त्यासाठी टवक्याच्या तळापर्यंतचे पोलाद दगडावर झिजवावे लागते.

पट्ट्यावर वस्तरा केव्हा आणि किती वेळा फिरवावा?

प्रत्येक दाढीच्या आधी, न चुकता. आधी पट्ट्याच्या चामड्यासोबत जोडलेल्या जाड कापडाच्या बाजूवर २० ते ३० फेरे आणि मग चामड्यावर ४० ते ६० फेरे पुरेसे होतात. जाऊन परत येणे म्हणजे एक फेरा. हे आकडे शास्त्रात लिहिलेले नाहीत, अनुभवाने ठरलेले आहेत. नीट घातलेले तीस फेरे घाईच्या शंभरांपेक्षा कितीतरी चांगले. दाढी झाल्यावर पाते धुऊन, पुसून, पूर्ण कोरडे करून कापडावर दहाएक फेरे घातले की कडेवर उरलेली ओल निघून जाते.

पट्ट्यावर फिरवण्याची योग्य पद्धत कोणती?

पट्ट्याचे एक टोक छातीच्या किंवा कमरेच्या उंचीवर पक्क्या कडीला अडकवावे आणि दुसरे टोक डाव्या हाताने धरून पट्टा सरळ ताणावा. वस्तरा इतका उघडावा की मूठ आणि पाते एका रेषेत येतील. पाते आणि मूठ यांच्या मधल्या अरुंद भागाला आपण मान म्हणू. ती उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पेन्सिलीसारखी धरावी. मनगटाने वस्तरा उलटण्याची सवय लागूच देऊ नये. उलटण्याचे काम या दोन बोटांनी मान फिरवून करायचे असते.

आता पाते पट्ट्यावर असे टेकवावे की त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी चामड्याला लागतील. मग पाठ पुढे आणि धार मागे ठेवून पाते पट्ट्यावरून न्यावे. धार कधीही पुढे जाता कामा नये, कारण ती पुढे गेली की पट्टा कापला जातो आणि कडही मोडते. पट्ट्याचे टोक येण्याच्या थोडे आधी हात थांबवावा, पाठ चामड्यावर तशीच टेकलेली ठेवून पाते पाठीवर उलटावे, म्हणजे धार वर उचलली जाऊन पलीकडच्या बाजूला येते, आणि दुसरी बाजू सपाट टेकल्यावरच परतीचा हात सुरू करावा. पाठ पट्ट्यावरून कधीच उचलायची नाही, एवढी एकच गोष्ट पहिला महिनाभर मनात धरली तरी चालेल.

सुरुवातीला वेग अजिबात नको. एका बाजूने जायला दोन सेकंद लागले तरी हरकत नाही. सराईत हाताची सरसर पाहून तसे करण्याचा मोह होतो, पण तो वेग सरावाने आपोआप आलेला असतो.

वळण घेताना धार मरते असे म्हणतात, ते कसे?

या कामातले हे सगळ्यात नाजूक ठिकाण आहे. पाते साधारण १९ मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेपाच मिलिमीटरच्या आसपास जाड असेल, तर पाठ आणि धार दोन्ही टेकवून लावलेल्या धारेचा कोन सोळा-सतरा अंश येतो, म्हणजे प्रत्येक बाजूला आठ अंशांच्या आसपास. वस्तऱ्याची पाठ हाच त्याचा कोन राखणारा साचा असतो. अशा वेळी पाठ चामड्यावरून फक्त दोन मिलिमीटर उचलली गेली, तरी त्या बाजूचा कोन सुमारे सहा अंशांनी वाढतो. मग पाते सपाट सरकत नाही. त्याची कड एकटीच चामड्यात रुतून खरवडली जाते आणि दुमडते.

बहुतेकांच्या हातून हे वळणावर घडते, कारण हात अजून पुढे जात असतानाच बोटे पाते उलटू लागतात. दोन हालचाली एकमेकींत मिसळतात आणि त्या अर्ध्या क्षणात पाठ उचलली जाते. उपाय सोपा आहे: आधी थांबावे, मग उलटावे, मग निघावे. कानाचीही मदत होते. पाते नीट चालत असेल तर संपूर्ण लांबीभर एकसारखा, मऊ आवाज येतो, आणि दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेल्या पातळ पात्यांचा आवाज तर चांगला खणखणीत असतो. वळणाशी ‘टक’ असा बारीक आवाज आला तर धार चामड्यावर आपटली असे समजावे.

मी शिकत असताना प्रत्येक दाढीनंतर गाल जळायचे आणि दोष मी दगडाला देत असे. शेवटी साठपट भिंगाखाली धार पाहिली, तेव्हा मुळापासून टोकापर्यंतच्या काळ्या, नितळ रेषेत टोकाकडच्या तिसऱ्या हिश्शात एक पांढरी, चमकणारी किनार दिसली. उजेड परत फेकणारी कड म्हणजे वळलेली किंवा बोथट कड. तीक्ष्ण कडेला उजेड परत पाठवण्याइतकी रुंदीच नसते. परतीच्या वळणावर माझी बोटे टोकाची बाजू जरा आधी उचलत होती, एवढेच त्याचे कारण होते.

हाताचा दाब किती असावा?

पाते चामड्याला लागलेले राहील इतकाच, म्हणजे जवळजवळ वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाइतका. दाब द्यायचाच तर तो पाठीवर असावा, धारेवर नाही. लटकता पट्टा दाबाखाली खाली झोळतो, मग चामडे धारेच्या खालून वर वळते आणि कडेला गोलाई देते. अशी गोलाई एका दिवसात कळत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी दाढी ओढू लागते आणि फेरे वाढवावेत तसे ती अधिकच ओढते.

पट्टा किती ताणून धरावा?

मधोमध बोटाने दाबल्यावर किंचित लवेल पण झोळ पडणार नाही इतका. ज्यांना एकसारखा ताण धरणे जमत नाही, त्यांनी लाकडी फळीवर चिकटवलेले चामडे घ्यावे. सुरुवातीसाठी ते अधिक सुरक्षित असते. फक्त फळीवरचे चामडे मुळीच लवत नसल्याने तिथे हात आणखी हलका ठेवावा लागतो.

कापडाची बाजू खरोखर लागते का?

लागते. जवसाच्या धाग्याचे, सुती किंवा तागासारख्या जाड विणीचे कापड पात्यावरचा साबणाचा थर आणि ओल चामड्यापेक्षा चांगली काढते, आणि त्याने कड थोडी घासलीही जाते. कापड नेहमी आधी आणि चामडे नंतर. पाते कापडावर न नेता थेट चामड्यावर नेले तर तोच मळ चामड्यात मुरतो आणि काही महिन्यांत पट्टा काळपट आणि गुळगुळीत होऊन बसतो.

पट्टा निवडताना काय पाहावे?

आधी रुंदी पाहावी. वस्तऱ्याचे पाते साधारण ७५ मिलिमीटर लांब असते, त्यामुळे पट्टा तेवढा रुंद असेल तर संपूर्ण धार एकाच हातात त्यावरून जाते. पट्टा अरुंद असेल तर पाते पुढे नेता नेता तिरपे सरकवावे लागते, म्हणजे हात सुरू होताना पात्याचे मूळ पट्ट्यावर असते आणि संपताना टोक. हे काही अवघड नाही, आणि ज्या पात्यांची धार किंचित कमानदार असते त्यांना ही तिरपी चाल लागतेच. पण नवख्याला एक चिंता कमी म्हणून रुंद पट्टा बरा.

मग चामडे. गाईचे चामडे सर्वत्र मिळते आणि ते उत्तम चालते. घोड्याचे चामडे अधिक दाट आणि गुळगुळीत असते. या दोहोंत मोठा फरक जाणवतो तो ‘ओढीचा’: काही चामडी पात्याला किंचित धरून ठेवतात, काहींवरून पाते बर्फावरून गेल्यासारखे सरकते. माझी पसंती मध्यम ओढीला आहे, कारण पाते सपाट आहे की नाही हे त्या ओढीतूनच बोटांना कळते. मात्र भारी पट्ट्याने धार अधिक चांगली राहते, असे मला कधी दिसले नाही. पहिला पट्टा साधाच घ्यावा, कारण तो कापला जाणार आहे.

पट्ट्याला चीर पडली तर तो टाकून द्यावा लागतो का?

बहुतेक वेळा नाही. माझ्या पहिल्या पट्ट्यावर, डाव्या हाताच्या मुठीपासून चार बोटांवर, नखाच्या चंद्रकोरीसारख्या तीन चिरा होत्या. तिन्ही वळणावर पडलेल्या, तिन्ही घाईतल्या. चिरेच्या उचललेल्या कडा ४०० ते ६०० क्रमांकाच्या बारीक काचकागदाने हलक्या हाताने घासून सपाट केल्या, चामड्याची भुकटी नीट पुसून काढली, की पट्टा पुन्हा कामाला येतो. चामड्याची फडफडणारी सोल राहिली असेल तर ती आधी अगदी थोड्या डिंकाने चिकटवावी. चीर खोल असून पट्ट्याच्या काठालाच असेल, तर मात्र तेवढा भाग टाळून काम करणे कठीण जाते आणि पट्टा बदललेलाच बरा.

चीर पडल्यावर वस्तऱ्याकडे दुर्लक्ष होते, ही खरी चूक. जिथे चामडे कापले गेले तिथे धारेलाही धक्का बसलेला असतो. पुढच्या दाढीआधी ती धार भिंगाखाली पाहावी.

पट्ट्याची निगा कशी राखावी?

वापरण्यापूर्वी स्वच्छ, कोरड्या तळहाताने चामडे आठ-दहा वेळा जोरात चोळावे. तळहाताची ऊब आणि त्याला लागलेले त्वचेचे थोडेसे तेल एवढीच रोजची मशागत त्याला पुरते, आणि चामड्यावर एखादा बारीक खडा किंवा धुळीचा कण असेल तर तोही हाताला लागतो. हे साधे कारण फार महत्त्वाचे आहे, कारण धुळीचा एक कठीण कण धारेवर ओरखडा काढायला पुरतो. चामडे फारच कोरडे पडून कडक वाटू लागले तर गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेल्या तेलाचे दोन-तीन थेंब तळहातावर घेऊन चोळावेत आणि पट्टा एक-दोन दिवस तसाच ठेवावा. तेल जास्त झाले की चामडे मऊ आणि लिबलिबीत होते, आणि मग ते पूर्ववत करणे अवघड असते.

पट्टा गुंडाळून किंवा घडी घालून कधीही ठेवू नये. तो टांगून ठेवावा, शक्यतो न्हाणीघराच्या दमटपणापासून दूर.

पट्ट्याला लावायचे लेप वापरावेत का?

वापरावेत, पण रोजच्या पट्ट्यावर नाही. हिरवा क्रोमियम ऑक्साइड साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या कणांचा मिळतो, आणि हिऱ्याच्या भुकटीचे लेप त्याहून बारीकही मिळतात. लाल लेपात लोहाचा ऑक्साइड असतो. हे सगळे घासणारे पदार्थ आहेत, म्हणजे ते पोलाद काढतात. रोजच्या चामड्यावर लेप लावला की प्रत्येक दाढीआधी पात्याची थोडी थोडी झीज सुरू होते आणि मऊ चामड्यावरच्या त्या झिजेने कड हळूहळू गोल होते. शिवाय एकदा चामड्यात मुरलेला लेप पूर्णपणे निघत नाही.

लेपासाठी वेगळा, फळीवर चिकटवलेला पट्टा ठेवावा. धार जरा उतरल्यासारखी वाटली की त्यावर दहा-पंधरा फेरे, मग पाते नीट पुसून स्वच्छ कापड आणि स्वच्छ चामडे. महिन्या-दीड महिन्यातून एकदा याहून अधिक गरज लागत असेल, तर दोष हाताच्या चालीत शोधावा.

धार नीट झाली आहे हे कसे ओळखावे?

अंगठा धारेच्या लांबीवरून फिरवून पाहू नये. कापले जाते आणि कळत काहीच नाही. धुतलेला एक केस चिमटीत धरून तो चिमटीपासून एक-दोन सेंटिमीटरवर धारेवर टेकवला, तर तीक्ष्ण धारेवर तो आपोआप तुटतो. हीच चाचणी मुळाशी, मध्यावर आणि टोकाशी करावी. प्रत्येकाचा केस वेगळा असल्याने ती स्वतःच्या वस्तऱ्याची कालची आणि आजची धार ताडून पाहायला चांगली. दुसऱ्याच्या वस्तऱ्याशी तुलना करायला तिचा उपयोग नाही. खरी परीक्षा गालावरच होते.

पट्ट्यावर भरपूर फेरे घालूनही दाढी ओढते. काय चुकते आहे?

आधी दाढी पुरेशी भिजली होती का ते पाहावे. पाणी मुरलेला केस कोरड्यापेक्षा पुष्कळ सहज कापला जातो, आणि धारेच्या म्हणून येणाऱ्या कितीतरी तक्रारी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने दाढी भिजवल्यावर मिटतात. त्यानंतर पात्याचा कोन पाहावा. गालाशी ते साधारण ३० अंशांत असावे. हे दोन्ही ठीक असेल, तर भिंगाखाली धार पाहून वर सांगितलेली पांढरी किनार शोधावी. वस्तरा नवा असेल आणि पहिल्या दिवसापासून ओढत असेल, तर बहुधा त्याला दाढीजोगी धार लावलेलीच नसते. कारखान्यातून आलेले पुष्कळ वस्तरे आधी दगडावर न्यावे लागतात, आणि अशा पात्यावर पट्टा कितीही मारला तरी उपयोग होत नाही.

वस्तऱ्याला दोन दाढींमध्ये विश्रांती द्यावी लागते का?

जुन्या काळी आठवड्याच्या सात वारांची नावे कोरलेले सात वस्तऱ्यांचे संच मिळत आणि त्यामागे हीच समजूत होती. एकच वस्तरा रोज वापरून आणि पट्ट्यावर नीट फिरवून मला त्याच्या धारेत कधी फरक जाणवला नाही. दोन वस्तरे आलटून पालटून वापरल्याचा फायदा एवढाच, की प्रत्येकाला पूर्ण वाळायला वेळ मिळतो.

धारेला गंज लागू नये म्हणून काय करावे?

कार्बन पोलादाच्या पात्याला ओल मुळीच सहन होत नाही, आणि गंज पहिल्यांदा लागतो तो सगळ्यात पातळ जागी, म्हणजे धारेवरच. पाते धुताना मुठीच्या सांध्यात पाणी जाऊ देऊ नये. पुसताना कापड पाठीकडून धारेकडे न्यावे, धारेच्या लांबीवरून नाही. कापडाच्या पट्ट्यावर दहा फेरे घालून वस्तरा तासभर उघडाच ठेवावा आणि मगच मिटावा. काही आठवडे वापरायचा नसेल तर खनिज तेलाचा पातळ हात फिरवावा, आणि पुन्हा वापरताना ते तेल पट्ट्याला लागण्यापूर्वी पूर्ण पुसावे. स्टेनलेस पोलादाला हा जाच कमी, पण कोरडे करण्यातून त्याचीही सुटका नाही.

एकच वस्तरा आणि पट्टा दोघांनी वापरला तर चालेल का?

नाही, घरच्या घरीही नाही. दाढीत न दिसणारे बारीक काप होतात आणि हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी यांसारखे आजार रक्तातून पसरतात. पाते जंतुनाशकात ठेवता येते. चामड्याचा पट्टा निर्जंतुक करण्याची सोय नाही. जिथे दुसऱ्यांची दाढी केली जाते तिथे प्रत्येकासाठी नवे पाते लावण्याच्या वस्तऱ्याला पर्याय नाही, आणि ते पाते वापरून टाकायचे असल्याने त्याला पट्ट्याची गरजही नसते.

प्रवासात पट्टा नसेल तर काय करावे?

सपाट पृष्ठभागावर वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या घालून, त्यावर पाठ पुढे ठेवून वीस-पंचवीस फेरे घालावेत. जीन्सचे जाड कापड ताणून धरले तरी कापडाच्या बाजूचे काम होते. तळहातावर पाते फिरवणारे जुने हात असतात. ती पद्धत लिहून शिकवण्यासारखी नाही.

वस्तरा पुन्हा दगडावर कधी न्यावा?

नीट पट्टा मारूनही लागोपाठ दोन-तीन दाढ्यांत पाते हनुवटीशी अडू लागले, तेव्हा. हनुवटीचे आणि ओठावरचे केस सर्वांत राठ असल्याने धार उतरल्याचे तिथेच पहिल्यांदा कळते. आधी लेपाच्या फळीवर दहा फेरे घालून पाहावे. त्याने एक-दोन दाढ्यांपुरताच फरक पडला, तर ८००० किंवा १२००० क्रमांकाच्या बारीक दगडावर थोडेसेच काम पुरते. कडेला टवका दिसत असेल तर १००० क्रमांकापासून सुरुवात करून धार नव्याने बसवावी लागते, आणि दगडाचा हात अजून बसला नसेल तर हे काम जाणकाराकडे द्यावे. रोज दाढी करणाऱ्याच्या वस्तऱ्याला हलक्या हाताच्या पट्ट्यावर अशी वेळ सहसा काही महिन्यांनी येते. दर पंधरवड्याला येत असेल, तर दगडाकडे जाण्याआधी वळणावरचा आवाज एकदा नीट ऐकावा.